सोलापुरात कौशल्य केंद्र चालवायचं, तर कोणत्या योजनेचा पैसा घ्यावा?

अक्कलकोट रोडला किंवा पूर्व भागात एखादी संस्था असते. हॉल रिकामा असतो, वीस-पंचवीस शिलाई मशीन धूळ खात असतात आणि विश्वस्तांपैकी कुणीतरी ऐकून येतं की अमुक योजनेत माणशी दहा हजार मिळतात. मग आमच्यासारख्या हिशेब बघणाऱ्यांना फोन येतो, "पीएमकेव्हीवाय घेऊ, समर्थ घेऊ, की अप्रेंटिसशिपचं बघू?" पहिली केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, दुसरी वस्त्रोद्योग मंत्रालयाची, तिसरी कारखान्यात शिकाऊ उमेदवार ठेवण्याची. माणशी किती मिळतात ते सगळे विचारतात. पैसा खात्यात कधी पडतो आणि तोवर खर्च कुणाच्या खिशातून जातो, हे क्वचित कुणी विचारतं. योजना निवडताना हाच प्रश्न आधी सोडवावा असं माझं मत आहे, म्हणून खालची तुलनाही त्याच अंगाने केली आहे. दर बदलत राहतात, पैशाची वाट सहसा बदलत नाही.

पीएमकेव्हीवाय आणि तिच्या राज्यातल्या बहिणी

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली आणि आता तिची चौथी आवृत्ती आहे. त्याच वर्षी केंद्राने 'कॉमन नॉर्म्स' ठरवले: प्रशिक्षणार्थीमागे तासाला दर, तोही कामाच्या प्रकारानुसार ३८.५०, ३३ आणि २७.५० रुपये. हप्ते तीन. बॅच सुरू झाली की ३० टक्के, मुलं परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळालं की ५० टक्के, नोकरी लागली की उरलेले २० टक्के. पुढे दर वाढले, टप्प्यांमध्येही फेरफार झाले, पण पाया तोच राहिला. काम आधी, पैसा मागून.

कागदावर मांडून बघा. ३० मुलींची बॅच, ३०० तासांचा शिलाईचा कोर्स, मधला ३३ रुपयांचा दर. पूर्ण बॅचचे होतात २,९७,००० रुपये. त्यातले ८९,१०० सुरुवातीला, १,४८,५०० निकालानंतर, ५९,४०० नोकरीचे पुरावे दिल्यावर. रोज चार तास धरले तरी कोर्स ७५ दिवस चालतो. त्यानंतर असेसर, म्हणजे परीक्षा घेणारा बाहेरचा माणूस येणार, निकाल लागणार, मग बिल. म्हणजे मोठा हप्ता यायच्या आधी शिकवणाऱ्या मॅडमचे किमान तीन पगार, हॉलचं भाडं आणि वीजबिल तुम्ही भरलेलं असतं.

आता मध्येच सहा मुली गळाल्या. सोलापुरात गळतातच: कुणाचं लग्न ठरतं, कुणाला घरी विड्या वळायला बसवतात, कुणाचं बिऱ्हाड शहराबाहेर कुंभारीला, रे नगरच्या कामगार वसाहतीत हलतं आणि रोजचा बसचा खर्च परवडत नाही. सहा गळाल्या म्हणजे एकूण रकमेतून ५९,४०० गेले. मॅडमचा पगार मात्र सहा मुलींपुरता कमी होत नाही. संस्थेच्या ताळेबंदात खड्डा पडतो तो इथे.

नोकरीच्या हप्त्याचा मूळ नियमही बघण्यासारखा आहे. ७० टक्के किंवा जास्त मुलांना काम लागलं तर पूर्ण पैसे, ५० ते ६९ टक्क्यांत असेल तर त्या प्रमाणात, ५० च्या खाली शून्य. आपल्याकडच्या गारमेंटवाल्याकडे आठवड्याचा हिशेब रोखीत होतो. मुलगी खरोखर कामाला लागलेली असते, रोज मशीनवर बसते, पण पगाराची पावती नाही आणि बँकेत जमा झाल्याची नोंदही नाही. सरकारच्या लेखी ती बेकारच. चौथ्या आवृत्तीत नोकरीच्या आकड्यावरचा भर कमी झाला हे खरं, तरी तुमच्या करारात काय लिहिलंय ते ओळ न ओळ वाचा.

हजेरीचं काय होतं ते कुठल्याही केंद्रावर सकाळी बघायला मिळेल. हजेरी आधारशी जोडलेल्या यंत्रावर. वर्षानुवर्षं तेंदूची पानं कापून विड्या वळलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ती अंगठा ठेवते, लाल दिवा. पदराला पुसून परत ठेवते, लाल. दुसऱ्या हाताचं बोट, मग मधलं बोट. मागे रांग वाढते आणि बाई संकोचून म्हणते, "सर, उद्या बघू." हजेरी कमी भरली की तिची परीक्षा अडकते, तिच्याबरोबर तुमचा हप्ताही. चेहऱ्यावरून हजेरी लागण्याची सोय आहे का, हे बॅच घेण्याआधी विचारून घ्या. नंतर विचारून उपयोग नसतो.

राज्याचं प्रमोद महाजन कौशल्य व उद्योजकता विकास अभियान आणि जिल्हा वार्षिक योजनेतला किमान कौशल्य विकास कार्यक्रम यांचा सांगाडा बराचसा असाच आहे. मोठा फरक म्हणजे फाइल दिल्लीऐवजी जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात आणि मुंबईत फिरते. अडलं तर समोर जाऊन बसता येतं, ही जमेची बाजू. तोटा असा की निधी मार्चएंडच्या सुमारास धावत येतो आणि नवीन वर्ष लागलं की पुन्हा शांतता.

कागद चोख ठेवणं हे इथे अर्धं काम आहे. पीएमकेव्हीवायवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. बहुसंख्य लाभार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, 'लागू नाही' किंवा काहीच नाही, असं त्यात आढळलं. आता तपासणी कडक होणार हे उघड आहे. मुलीचं पासबुक, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतंय का, हे पहिल्याच दिवशी बघा. इथल्या तेलुगू भाषक पद्मशाली घरांत आडनाव आधी, नाव नंतर लिहायची रीत आहे, त्यामुळे एकच मुलगी तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेली सापडते.

समर्थ: कापडाची योजना, म्हणून आपलीच?

सोलापूर म्हटलं की चादर, टॉवेल आणि हल्ली शाळांचे गणवेश. त्यामुळे वस्त्रोद्योग मंत्रालयाची 'समर्थ' ऐकली की सगळ्यांना वाटतं, ही आपल्यासाठीच. २०१७ च्या डिसेंबरमध्ये १,३०० कोटींच्या तरतुदीने तिला मंजुरी मिळाली, नंतर मुदतवाढ मिळत गेली आणि २०२४ ते २०२६ या दोन वर्षांसाठी ४९५ कोटी देऊन तीन लाख लोकांचं लक्ष्य ठेवलं गेलं.

पण दारात दोन अडसर आहेत. पहिला, ही योजना राबवणाऱ्यांमध्ये कापड उद्योग, उद्योजकांच्या संघटना, राज्य सरकारच्या यंत्रणा आणि मंत्रालयाच्या स्वतःच्या संस्था येतात. नुसत्या धर्मादाय ट्रस्टला सरळ वाट नाही, कुणा कारखानदाराचा किंवा संघटनेचा हात धरावा लागतो. दुसरा, संघटित क्षेत्रातली सूतकताई आणि विणकाम या योजनेतून वगळलेलं आहे. आपल्याकडचा एखादा यंत्रमाग कारखाना त्या रेषेच्या अलीकडे पडतो की पलीकडे, हे लेखी विचारून घ्यावं. शिवण, प्रोसेसिंग, पॅकिंग अशा कामांना ही अडचण नाही.

नोकरीची अटही जड आहे: नव्याने शिकणाऱ्यांपैकी ७० टक्के आणि आधीपासून कामावर असलेल्यांच्या वरच्या प्रशिक्षणात ९० टक्के. स्वतःचं युनिट असलेल्या कारखानदाराला हे सोपं जातं, कारण मुली त्याच्याच मशीनवर शिकतात आणि तिथेच राहतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: समर्थ कारखान्याने घ्यावी, संस्थेने त्याला माणसं आणि शिकवणारे पुरवावेत, आणि दोघांत लेखी करार असावा. नाव एकाचं, केंद्र दुसऱ्याचं आणि हिशेब तिसऱ्याकडे, असला उद्योग करू नये. तपासणीला माणूस आला की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

अप्रेंटिसशिप: सरकारी पैसा तुमच्या हातातून जातच नाही

बऱ्याच संस्थाचालकांना ही वाट बिनपैशाची वाटते. मला मात्र सोलापूरसाठी हीच सगळ्यात कमी डोकेदुखीची वाटते.

ऑगस्ट २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, म्हणजे नॅप्समध्ये, विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. २०२३ पासून तो वाटा सरळ उमेदवाराच्या बँक खात्यात जातो. बाकीचं विद्यावेतन मालक देतो. कायदा १९६१ चा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. शिकाऊ उमेदवाराला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय लागू होत नाही, हे मालकाला सांगितलं की तो खुर्ची पुढे ओढतो. शिक्षणाची अट ट्रेडनुसार बदलते, पण पाचवी पासपासून सुरुवात होते. दहावीच्या आधी शाळा सुटलेल्या आपल्या मुलींसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

मग संस्थेला काय मिळतं? सरकारी अनुदान नाही. पोर्टलवरचे करार, कागदपत्रं, सुरुवातीचं प्राथमिक प्रशिक्षण आणि महिन्याच्या नोंदी सांभाळून देण्याबद्दल कारखानदाराकडून सेवाशुल्क मिळतं. रक्कम लहान, पण दर महिन्याला येते. कर्ज काढून बॅच चालवायची नाही, असेसर कधी येईल याची वाट बघायची नाही. मालक ओळखीचा, त्याचा कारखाना चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, पैसे थकले तर स्कूटरवर जाऊन मागता येतात.

अडचण एकच, पण खास इथली. आपले शिलाई कारखाने पीस रेटवर चालतात. विद्यावेतन महिन्याला ठरलेलं. मुलीचा हात बसला की शेजारच्या गल्लीतला माणूस शर्टामागे पैसे देतो आणि ती वर्षाचा करार अर्धा टाकून जाते. तिला दोष देता येत नाही, घरात रोजचा पैसा लागतो. यावर एका कारखानदाराने काढलेला तोडगा मला पटला: किमान विद्यावेतन ठरल्याप्रमाणे, आणि ठरलेल्या नगांच्या वर निघालेल्या कामावर वेगळं बक्षीस, तेही बँकेतून. मुली टिकल्या.

इथेच एक गैरसमज दूर करतो. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना म्हणजे अप्रेंटिसशिप नव्हे. २०२४ मध्ये आलेल्या त्या योजनेत बारावी पास तरुणाला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिन्याला राज्य सरकार देतं. मालकाला फुकटात माणूस मिळतो, म्हणून मागणी मोठी. पण मुदत ठरावीक असते, ती संपली की पुढे काय याचं उत्तर योजनेत नाही, आणि बारावी न झालेल्यांना त्यात जागाही नाही.

ज्यांच्याकडे वेळ आणि दम आहे त्यांच्यासाठी

उद्योजक मंडळींना आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर बोलावणं आलं, तर जाण्याआधी जुन्या करारांची फाइल मागा. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयच्या समित्यांना प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याची योजना होती. दहा वर्षं परतफेड नाही, त्यानंतर वीस समान वार्षिक हप्ते. पूर्ण रक्कम घेतलेल्या समितीला वर्षाला साडेबारा लाख भरायचे असतात. अध्यक्ष बदलतो, हप्ता राहतोच. आता पीएम-सेतू या नावाने ६०,००० कोटींचा नवा कार्यक्रम आला आहे: एक हजार आयटीआय, त्यातल्या दोनशे केंद्रस्थानी आणि आठशे त्यांना जोडलेल्या, कारभार उद्योगांच्या पुढाकाराने. मोठ्या घराण्यांचं काम आहे ते.

केंद्राच्या जनशिक्षण संस्था योजनेसारखं थेट अनुदान मिळत असेल तर पैसा आधी येतो, पण दोरीही आधीच बांधलेली असते. सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्यावं लागतं आणि अनुदानावरचं व्याज सरकारला परत करावं लागतं. ते व्याज संस्थेच्या उत्पन्नात दाखवलं की लेखापरीक्षक हमखास पकडतो. अनुदानासाठी पहिल्या दिवसापासून वेगळं बचत खातं उघडा.

मग कुणी काय घ्यावं

संस्थेकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवण्याइतकी गंगाजळी असेल आणि संगणकावर रोज बसणारा एक चिकाटीचा माणूस असेल, तर पीएमकेव्हीवाय किंवा किमान कौशल्यची एकच बॅच घेऊन बघा. दोन घेऊ नका. गंगाजळी नसेल पण कारखानदारांशी ओळख असेल, तर अप्रेंटिसशिपपासून सुरुवात करा. कारखाना स्वतःचाच असेल तर समर्थ. पीएमकेव्हीवाय, नॅप्स आणि जनशिक्षण संस्था ज्यात येतात त्या कौशल्य भारत कार्यक्रमाला मिळालेली ८,८०० कोटींची मंजुरी मार्च २०२६ पर्यंतची होती आणि समर्थची मुदतही त्याच आर्थिक वर्षापर्यंत. तेव्हा चालू वर्षाचा आदेश हातात पडल्याशिवाय एकही नवीन मशीन विकत घेऊ नका, जागेचं ॲग्रीमेंटही लांबवा.

बॅचची तारीख ठरवताना पंचांग उघडा. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, त्या आठवड्यात हजेरी निम्मी होते. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मशीनवर बसवणं हा छळ आहे. जूनच्या अखेरीस शाळांचे गणवेश संपले की कारखान्यांतली घाई ओसरते, मुली मोकळ्या असतात आणि मालकही बोलायला वेळ देतो.