टोमॅटोसाठी कापडी ग्रो बॅग: घ्यावी का?

टोमॅटोसाठी २० लिटरची कापडी ग्रो बॅग घेतली आणि खरं सांगायचं तर प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा उजवी निघाली. जास्तीचं पाणी तळातून, बाजूंनी निघून जातं, मुळं कडेला आली की हवा लागून टोकं सुकतात आणि आतून नवी फुटतात, त्यामुळे कुंडीत होतं तसं मुळांचं गोल गोल भेंडोळं होत नाही. पण हाच तिचा तोटा पण आहे, उन्हात फार पटकन सुकते, कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घालायला जमणार नसेल तर सरळ नका घेऊ. पाणी कधी भरपूर कधी अजिबात नाही असं झालं की फळाच्या बुडाला काळा डाग पडतो, लोक लगेच कॅल्शियमची पावडर आणायला धावतात, पण बऱ्याचदा कॅल्शियम मातीत असतंच, फळापर्यंत पोचत नाही एवढंच.

मिश्रण विकतचं नाही, घरीच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडं परलाइट (हलके पांढरे खडे, मिश्रण मोकळं ठेवतात) कालवलं. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यातून धुऊन घ्या, क्षार असतात त्यात. नुसती बागेतली माती भरू नका, दगड होतो तिचा. शिलाई मजबूत आहे, हँडल पण, तरी भरलेली बॅग एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका. झुडपासारख्या जातीला ही साइज मस्त, वेलासारख्या उंच जाणाऱ्या जातीला मोठी बघा आणि काठी रोप लावतानाच रोवा. पाचपैकी चार स्टार, एक कापला कारण खाली ट्रे नसेल तर फरशीवर डाग पडतात.