सात दिवसांचं लिव्हर डिटॉक्स: रांधपाला (स्वयंपाकाला) पाच स्टार, बाकी सगळ्याला एक

मोबाईल जमा करा म्हणाले असते तर एक वेळ समजून घेतलं असतं, यांनी गोळ्यांची डबी जमा करायला सांगितली. तेही रिसेप्शनवरच, हातात ते लेमनग्रासचं पाणी देता देता. "केमिकल थांबल्याशिवाय लिव्हर साफ व्हायला सुरुवात होत नाही मॅडम" असं तिथली वेलनेस कन्सल्टंट म्हणाली. मी निमूटपणे डबी दिली, ती कॅल्शियमची होती. टेनोफोव्हिरची, म्हणजे माझ्या हेपटायटिस बीच्या रोजच्या गोळीची, डबी बॅगेत मोज्यात होती आणि सातही रात्री मी बाथरूमचं दार लावून गोळी घेतली, चाळीशी उलटलेली बाई, होस्टेलवरच्या पोरीसारखी.

जागेचं नाव लिहीत नाही. गोव्यात बार्देसमध्ये आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, काजूची झाडं, छोटासा पूल, खोल्या एकदम स्वच्छ. सात दिवसांचे ३२ हजार, शेअरिंग रूम. माझ्या भावाने भाऊबीजेला पाकिटात हे पॅकेज घातलं, त्याला वाटलं ताई बरी होईल, त्याच्यावर माझा राग नाही.

मला हेपटायटिस बी आहे, क्रॉनिक. धाकट्याच्या वेळी दिवस राहिले तेव्हा रक्त तपासलं त्यात कळलं. तो जन्मल्यावर १२ तासांच्या आत त्याला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही दिलं, तो निगेटिव्ह आहे, आता नववीत आहे आणि माझ्यापेक्षा उंच आहे. माझी गोळी पुढे काही वर्षांनी सुरू झाली. ही गोळी व्हायरसला हाकलत नाही, वाढू देत नाही एवढंच, तो लिव्हरच्या पेशींच्या आत आपला डीएनए लपवून बसलेलाच असतो. म्हणून डॉक्टरला न विचारता मध्येच सोडली तर तो उसळतो, आणि कधी कधी असा उसळतो की लिव्हर फेल होण्यापर्यंत जातं. सी वेगळा, तो बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी कायमचा जातो. कन्सल्टंट बाईंना बी आणि सी म्हणजे व्हिटॅमिनसारखे प्रकार वाटत असावेत, दोघांना एकच चार्ट. आणि गंमत बघा, २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय हेपटायटिस कार्यक्रम सुरू झाला, त्यात ही औषधं सरकारी सेंटरवर फुकट मिळतात. म्हणजे ३२ हजार घेऊन ते माझ्याकडून काय काढून घेत होते, तर जी गोष्ट मला शून्य रुपयात मिळते ती.

मग गेले कशाला असं विचाराल. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलं होतं, वजन वाढलेलं, डॉक्टर दर सहा महिन्यांनी तेच सांगत होते की व्हायरस गोळी बघेल, चरबी तुम्ही बघा. म्हटलं सात दिवस कोणीतरी चांगलं करून वाढेल, आपण फक्त चालायचं आणि झोपायचं.

पहिले तीन दिवस ज्यूस. सकाळी दुधी, अकराला अननस, दुपारी बीट गाजर, चारला मोसंबी, रात्री परत दुधी. डाळ नाही, अंडं नाही, दही नाही. फॅटी लिव्हरवाल्या माणसाला दिवसभर फळांची साखर पाजायची आणि प्रोटीन शून्य, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझे हात थरथरायला लागले तर म्हणे टॉक्सिन बाहेर पडतायत. टॉक्सिन नाही हो, भूक बाहेर पडत होती.

कॉफी बंद. मी घरी दोन-तीन कप काळी, बिनसाखरेची पिते आणि माझे डॉक्टर खूश असतात, कारण कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरला व्रण पडत जाणं आणि लिव्हरचा कॅन्सर दोन्ही कमी आढळतात असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. इथे म्हणे कॅफिन विष. आणि चौथ्या दिवसाच्या शेड्यूलवर काय, तर कॉफी एनिमा, एक्स्ट्रा १,५०० रुपये. म्हणजे तोंडाने बंद आणि खालून चालू. मी नाही घेतला. माझ्या रूममेटने घेतला, पुण्याची होती बिचारी, दिवसभर पोट धरून बसली.

त्याच रात्री लिव्हर फ्लश. ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि एप्सम सॉल्ट, सकाळी हिरवे मऊ खडे पडतात आणि ते लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात की बघा पित्ताचे खडे निघाले. ते खडे तेल आणि लिंबू पोटात एकत्र होऊन झालेला साबण असतो. तेल न पिता एक तरी खडा काढून दाखवा म्हटलं, तर कन्सल्टंट बाई म्हणाल्या तुमची एनर्जी निगेटिव्ह आहे. निगेटिव्ह यायला तर मी किती वर्षं झटतेय.

आता चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच होतं. चौथ्या दिवसापासून जेवण सुरू झालं आणि ते करणारी रांधपीण मावशी पेडण्याची होती. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत मोडाच्या मुगाची सुकी भाजी. दुपारी तांबडी भाजी, अळसांद्यांचं तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची आमटी), खोबरं बेताचं, एक पोई. कोंड्याची पोई असते ना आपली, बाहेरून खरबरीत, ती, मैद्याचा पाव नाही. सोलकढी मीठ कमी घालून. एक दिवस खतखतें, म्हणजे मिसळीची भाजी, त्यात कणगी, सुरण, शेवग्याच्या शेंगा आणि तिरफळाचा असा वास की मला चवथीची आठवण आली आणि मी दोनदा घेतलं. डाएट चार्टवर मासे वर्ज्य होते पण सहाव्या दिवशी मावशीने स्टाफसाठी केलेला बांगडा केळीच्या पानात भाजून माझ्या ताटात सरकवला, वर म्हणाली "तुका किदें जाय तें सांग बाय". बांगडा, तारले हे लिव्हरवाल्याने खावेत असेच मासे आहेत. आमच्यासारख्यांनी टाळायचं ते कच्चं किंवा अर्धकच्चं कालव, कारण त्यातला एक जिवाणू खराब लिव्हरच्या माणसाला रक्तात शिरून मारू शकतो. तिसऱ्यो, शिणाणे या शिंपल्या नीट उकळून खाल्ले तर चालतं. शॅकवर बसून लिंबू पिळून कच्चं कालव गिळायची फॅशन आलीय ती आपल्यासाठी नाही.

आणि एक प्रसंग. पाचव्या दिवशी शेंगदाण्याची चटणी तोंडात टाकली आणि ती कडवट कुबट लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन बरणी बघितली, पावसात ओल लागलेले दाणे, काहींवर हिरवट पूड. मी मावशीला सांगितलं की या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते भाजून पूर्ण जात नाही, आणि हेपटायटिस बी असलेल्या माणसात ते आणि व्हायरस मिळून कॅन्सरचा धोका नुसता वाढवत नाहीत, कितीतरी पटींनी वाढवतात. तिने एकही प्रश्न विचारला नाही. "उडोवंया" म्हणाली आणि अख्खी बरणी कचऱ्यात. मग पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, राहिलेलं सुकं सामान काढून एकेक डबा हुंगत बसली. सात दिवसांत लिव्हरसाठी त्या जागेत झालेलं सगळ्यात मोठं काम ते, आणि पॅकेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

तिचं कौतुक मी आणखी एका गोष्टीसाठी करते. पहिल्या दिवशी फॉर्म भरल्यावर माझ्या स्टीलच्या पेल्याला लाल दोरा बांधून ठेवला होता, ताटालाही. सासरी एके काळी हे सोसलंय, इथे पैसे भरून परत. बी रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जातो, पेल्यातून, ताटातून, मिठीतून नाही, आणि लिव्हरच्या नावाने दुकान चालवणाऱ्यांना एवढं माहीत नसेल तर कठीण आहे. मावशीने तो दोरा दुसऱ्याच दिवशी कात्रीने कापला. कोणी सांगितलं नव्हतं.

योगाचा सर चांगला होता, साडेपाचला उठवायचा, गुडघ्याला झेपेल तेवढंच करा म्हणायचा, बढाया नाहीत. झोप मस्त. मसाज ठीक.

शेवटच्या दिवशी लेक्चर. आयुर्वेदिक सल्लागार म्हणून आलेले गृहस्थ म्हणाले भुईआवळ्याने हेपटायटिस बी बरा होतो, लॅन्सेटमध्ये (डॉक्टरांचं नावाजलेलं नियतकालिक) छापून आलंय. तर हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त त्रासदायक. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी लॅन्सेटमध्ये छापलं होतं, ३० दिवस भुईआवळा दिलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातला सरफेस अँटिजेन, म्हणजे व्हायरस असल्याची खूण, गेला, आणि लेखकांमध्ये बारूख ब्लूमबर्ग होते, म्हणजे ज्यांनी हा व्हायरस शोधला आणि १९७६ चं नोबेल घेतलं तेच. पण पुढे इतर ठिकाणी करून बघितलं तेव्हा तसा गुण आला नाही. हे मी तिथे उभं राहून सांगितलं. ते म्हणाले फार्मा लॉबी. पुढचा प्रश्न घेतला.

त्यानंतर हातात एक धातूची कांडी धरायला दिली, कॉम्प्युटरवर रंगीत लिव्हर आलं आणि मशीन म्हणालं व्हायरस ४० टक्के कमी. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, आधीच्या रिपोर्टमध्ये मोजता न येण्याइतका कमी होता. नसलेल्याचे ४० टक्के कमी म्हणजे किती, ते गणित धाकट्याला घालणार आहे.

आणि आता माझी चूक. एवढं सगळं कळत असून काढ्याची बाटली आणि कॅप्सूल मी घरी आणल्या आणि तीन आठवडे घेतल्या. का? नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना करणार, हा जो विचार आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतो तो माझ्याही होता. लेबलवर ११ वनस्पती, गुळवेल, कुटकी, हळदीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, वगैरे, किती मिलिग्रॅम ते कुठेही नाही. नेहमीच्या तपासणीला गेले तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते, ३१ वरून ११८. व्हायरल लोड तसाच, न मोजता येणारा, म्हणजे व्हायरस उसळला नव्हता, गोळी मोज्यातून वाचली होती. डॉक्टरांनी बाटली मागवून घेतली, लेबल वाचलं आणि सांगितलं की गुळवेल, ग्रीन टीचा अर्क, हळदीच्या तीव्र कॅप्सूल या तिन्हींमुळे लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. हळद आमटीत घाला, कॅप्सूलमध्ये नको. नक्की यातल्या कशाने ते सांगता येणार नाही, पण परत घेऊन बघायचा प्रयोग करू नका. किडनीची क्रिएटिनिन पण तपासली कारण टेनोफोव्हिरवर असताना त्याकडे लक्ष ठेवावंच लागतं, ती ठीक निघाली. सगळं बंद केलं, दोन महिन्यांनी एसजीपीटी ३६.

वजनाचं म्हणाल तर सात दिवसांत अडीच किलो गेलं, पंधरा दिवसांत दोन किलो परत आलं. त्यानंतर मी घरी मावशीचंच जेवण चालू ठेवलं, पेज, मूग, पोई, बांगडा, संध्याकाळी पाऊण तास चालणं, फेणी आधीही नव्हती आताही नाही (सर्दीला एक चमचा घे म्हणणाऱ्या मामीला हात जोडलेत), आणि पाच महिन्यांत चार किलो गेलं ते अजून आलेलं नाही.

उरलेल्या दोन सीलबंद बाटल्या परत घ्या म्हणून फोन केला होता. परत घेत नाहीत. पुढच्या पॅकेजवर दहा टक्के डिस्काउंट देतो म्हणाले. मी मावशी आहे का विचारलं, तर म्हणे सोडून गेली, आता दिल्लीचा शेफ आलाय, किनोआ करतो. म्हणजे वरचा पाच स्टारवाला भागसुद्धा आता लागू नाही, तो एकच करून वाचा.