फुलं कमी, काटे जास्त : मेलबर्नच्या पश्चिमेची एक छोटी नर्सरी

आमच्या भागात स्वयंसेवकांनी चालवलेली देशी झाडांची नर्सरी आहे. देशी म्हणजे इथली देशी, ऑस्ट्रेलियन. तीन वर्षांत सहा-सात फेऱ्या झाल्या, आता लिहायला हरकत नाही.

आधी माझा गाढवपणा सांगतो. टार्नीट या पश्चिमेच्या उपनगरात घर घेतल्यावर एका मोठ्या दुकानातून ग्रेव्हिलिया या इथल्या झुडपाची, 'रॉबिन गॉर्डन' जातीची, दोन रोपं आणली. बारा महिने लाल फुलं, पक्षी येणारच! आले की. नॉइझी मायनरची टोळी आली. पिवळी चोच बघून मला साळुंकीच वाटली, पण हा इथलाच मध खाणारा पक्षी. दादागिरी अशी, की दुसऱ्या कुणाला कुंपणावर टेकू देईना. (खरी साळुंकीही आहे इथे. किडे खाईल म्हणून 1862 मध्ये मेलबर्नला आणून सोडलेली. आई सोलापूरहून आली तेव्हा तिला बघून म्हणाली, "हिला कुणी रे व्हिसा दिला?") दुसरं रोप मी स्वतःच मारलं. शेतकऱ्याचा मुलगा, हात सुपर फॉस्फेटकडेच जाणार. पण ग्रेव्हिलिया, बँक्सिया, हेकिया ही मंडळी फॉस्फरस कमी असलेल्या जमिनीतली. जास्त मिळाला की त्यांना तो विषासारखा बाधतो. पानांच्या कडा करपत गेल्या आणि संपलं.

नर्सरीतल्या आजीबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातातली तिसरी ग्रेव्हिलिया काढून परत रांगेत ठेवली. त्याऐवजी दिले काटे: बर्सेरिया आणि हेज वॉटल ही काटेरी झुडपं. जोडीला हिवाळ्यात घंटेसारखी फिकट हिरवी फुलं लटकवणारं कोरिया नावाचं झुडूप. बोटभर जाडीच्या नळीत वाढवलेली रोपं, चार डॉलरला एक. एवढीशी काडी जगेल कशी, असं वाटतं. पण एप्रिलमध्ये लावली की उन्हाळ्याआधी (इथला उन्हाळा डिसेंबरपासून) मुळं खाली उतरतात. आमची माती उन्हाळ्यात भेगाळणारी चिकण, खाली बेसॉल्ट. आईने ढेकूळ फोडून बघितलं. "रंग सोडला तर आपलीच," म्हणाली.

दुसऱ्या वर्षी बर्सेरिया छातीपर्यंत आला. नाताळच्या सुमारास पांढरट फुलं, त्यावर माश्या, भुंगे, नाना किडे. त्या किड्यांमागे फेअरीरेन हे इवले पक्षी आले. नर निळा, शेपटी उभी, अंगठ्याएवढा जीव. काट्यांच्या आत शिरला की मायनरला हात टेकावे लागतात.

तक्रारी आहेत. पाट्यांवर नुसती लॅटिन नावं, त्यातली निम्मी पावसाने पुसलेली. आठवड्यातून दोनच सकाळी उघडी. एकदा हेकिया म्हणून आणलेलं रोप भलतंच निघालं. बदलून दिलं, पण माझा एक मोसम गेला.

शनिवारी नऊच्या आत पोहोचा, दहानंतर कोरिया शिल्लक राहत नाही. आणि जाड हातमोजे न्या. हेज वॉटल गाडीत ठेवताना माझं मनगट सोललं होतं.