पैसे, वेळ की वस्तू? कष्टकरी कुटुंबांना मदत करण्याआधी

दिवाळीचा बोनस हातात पडला की अनेकांच्या मनात येतं, रोज राबूनही ज्यांचं भागत नाही अशा घरांसाठी आपण काहीतरी करावं. प्रश्न पडतो तो पैसे द्यावेत, वेळ द्यावा की घरातल्या वस्तू. पुण्यात राहणाऱ्याला या तिन्ही वाटा खुल्या आहेत, पण त्या सारख्या नाहीत.

वेळ द्यायचा असेल तर डोअर स्टेप स्कूलचं काम आधी बघा. रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी १९८८ साली मुंबईत ही संस्था सुरू केली, पुण्यात ती १९९३ मध्ये आली. बांधकामावरच्या मजुरांची मुलं हा तिच्या कामाचा मोठा भाग. आई घमेली उचलते, बाप विटा चढवतो, थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन पत्र्याच्या खोलीबाहेर बसते. इमारत पूर्ण झाली की कुटुंब दुसऱ्या साइटवर जातं आणि मुलीची शाळा सुटते ती सुटतेच. अशा मुलांसोबत वाचायला बसणारा माणूस फार मोलाचा असतो, पण तो दर आठवड्याला आला तरच. चार वेळा येऊन गायब होणाऱ्या ताई-दादांची मुलं वाट बघत राहतात. नोकरीत महिनाअखेर, ऑडिट, बाहेरगावचे दौरे असतील तर ही वाट तूर्त धरू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

पैशांसाठी माझी पसंती विद्यार्थी साहाय्यक समितीला. डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी १९५५ मध्ये उभी केलेली ही संस्था खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय करते. कोरडवाहू शेतकऱ्याला किंवा शेतमजुराला फीपेक्षा पुण्यातली खोली आणि मेस जास्त जड जाते, आणि पोरगं नेमकं तिथेच शिक्षण सोडतं. समितीत 'कमवा व शिका' आहे, मुलं स्वतःही कामं करतात. शिकून मार्गी लागलेले माजी विद्यार्थी पुढच्यांसाठी हातभार लावतात, हे मला सगळ्यात भावतं. महिन्याला ठरावीक रक्कम, मग ती ५०० रुपये का असेना, एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा मला बरी वाटते, कारण वसतिगृहाला किराणा दर महिन्याला भरावा लागतो. देणगी ऑनलाइन किंवा चेकनं द्या आणि पावती जपून ठेवा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर करात वजावट मिळत नाही, आणि ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. कुठल्याही संस्थेला देताना तिच्याकडे देणगीवर करवजावट मिळवून देणारी नोंदणी (८०जी) आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.

वस्तूंसाठी 'गूंज'. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही संस्था कपडे नुसते वाटत नाही. गावकरी विहीर, रस्ता, बंधारा असं आपल्याच गावाचं काम ठरवून करतात आणि त्या श्रमाबद्दल त्यांना कपडे-सामान मिळतं. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. पण म्हणून कपाट रिकामं करण्यासाठी तिचा वापर करू नका. बटणं तुटलेला शर्ट, उसवलेला ब्लाउज, जोडीविना चप्पल यांच्या निवडानिवडीत तिथल्या माणसांचा वेळ जातो. कपडे धुऊन द्या, चपलांची जोडी सुतळीनं बांधा, शाळेचं दप्तर चेन तपासून द्या. वाहतुकीलाही खर्च येतो, तेव्हा पेटीसोबत थोडे पैसे दिलेत तर उत्तम.

तर ठरवताना स्वतःला एवढंच विचारा, की पुढचं वर्षभर न चुकता काय देता येईल? बहुतेक नोकरदारांचं उत्तर पैसे हेच असेल आणि त्यात कमीपणा काही नाही. निवृत्त असाल किंवा दुपार मोकळी असेल, तर मात्र मुलांसोबत वाचायला बसाच. फक्त सुरुवात दिवाळीत करू नका, तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि बरीच कुटुंबं गावी गेलेली असतात. जूनमध्ये जा.