तबेल्यात लीद नव्हती

९,६५,००० रुपये. आखातात १९ वर्षं राबून साठवलेल्यातले, आणि ते मी माझ्या हातानं दिले.

गोव्यात पेडणे तालुक्यातला घोड्यांचा फार्म विकत घ्यायला निघालो होतो. जमीन, सहा खणांचा तबेला, पाहुण्यांसाठी बाजूला वेगळ्या दोन कॉटेज. मोपाचा विमानतळ झाल्यापासून तिथल्या जमिनीचे भाव तुम्हाला माहीत आहेत. त्यामुळे ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ हे विकणाऱ्याचं बोलणं मला खरंच वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

चार घोडे बांधलेले होते. माझी बायको हळूच म्हणाली, “अहो, लीद कुठं दिसत नाही.” मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. खरं तर वासही नव्हता. जमीन कोरडी, गव्हाण स्वच्छ, मागं उकिरडा नाही. मी म्हशींच्या गोठ्यात वाढलेला माणूस! चार जनावरं रोज राहतात ती जागा कशी असते हे मला कुणी सांगायला हवं होतं का? मी म्हटलं, काय टापटीप ठेवलंय. घोडे त्या एका दिवसापुरते भाड्यानं आणलेले होते.

टोकन २,००,०००. साठेखताच्या दिवशी ६,५०,०००, तेही नुसतं नोटरीकडे. सब-रजिस्ट्रारकडे नोंदवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. घोड्यांचं खाद्य आणि नालबंदाचे म्हणून ७५,००० रोख. दलाली ४०,०००.

विकणाऱ्यानं मूळ मालकांचं म्हणून दाखवलेल्या मुखत्यारपत्रावर फक्त नवऱ्याची सही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून आपल्याकडे नवरा-बायको दोघांच्या सहीशिवाय घरजमीन विकता येत नाही, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी विचारलं, तर म्हणे “मॅडम परदेशात आहेत, नंतर करतील.” पुढं कळलं, नवऱ्याची सहीसुद्धा खोटी आणि हा इसम तिथला अकरा महिन्यांचा भाडेकरू. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, स्वतः काढा, झेरॉक्सवर जाऊ नका. आणि उताऱ्यावरच्या माणसाला फोन करा. मी केला, पण पैसे गेल्यावर.

पोलीस ठाण्यात पाच फेऱ्या झाल्या. ‘हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा.’ मग, ‘पैसे डिचोलीच्या बँकेतून गेले, तिकडे जा.’ तिकडे गेलो, तर ‘जमीन पेडण्यात, तिकडे जा.’ १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. हे मी, फसलेल्या माणसानं, त्यांना वाचून दाखवायचं? जमीन हडपणाऱ्यांसाठी सरकारला २०२२ मध्ये खास तपास पथक नेमावं लागलं, तरी ठाण्यातला माणूस मलाच विचारतो, “शिकलेले दिसता, मग दिले कशाला?” अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारायलाही दोन दिवस लावले. शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

कॉटेजची सनदही, म्हणजे जमीन बिनशेती केल्याचा परवानाही, नव्हती, म्हणजे व्यवहार खरा असता तरी त्या बेकायदाच.

परवा तेच फोटो पुन्हा वॉट्सअपवर फिरताना दिसले. निळ्या दाराचा तबेला, पुढं पांढरा घोडा, किंमत आता पाच लाखांनी कमी. तुमच्याकडे आले तर टोकन देऊ नका.