पाय चुळबुळतात ते कशानं? लोह, गोळ्या, साखर की वारसा

संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये लेडीज डब्यात खिडकीची जागा मिळणं म्हणजे काय, हे रोज त्या गाडीनं जाणाऱ्या बाईला सांगायला नको. मला ती जागा मिळायची आणि घाटकोपर यायच्या आत मी उठून उभी राहायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं, ही ठाण्याला उतरणार. मी उतरायचे डोंबिवलीला. पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाशी, काहीतरी शिवशिवायचं. त्याला दुखणं म्हणता यायचं नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवायचंही नाही. उठून दोन पावलं टाकली की शांत व्हायचं. रात्री अंथरुणात पडलं की पुन्हा तेच, आणखी जोरात.

याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडच्या थॉमस विलिस या डॉक्टरानं १६७२ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी त्याला आजचं नाव दिलं. माझी आजी याला काहीच नाव देत नसे. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पोटऱ्या घट्ट बांधायची आणि नातवंडांना म्हणायची, "जरा पायावर उभं राहा रे."

आमच्याच घरात आणि शेजारात "रात्री पायांचं काहीतरी होतं" म्हणणारी तिघं निघाली. मी, माझे बाबा आणि समोरच्या काकू. तिघांची कारणं वेगळी, आणि तिघांनीही सुरुवात चुकीच्या टोकाकडून केलेली. ज्यांना आता ठरवायचंय की कुठली तपासणी आधी करावी आणि कुठल्या कारणाच्या मागे लागावं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक खात्री करा. पाय हलवण्याची ओढ लागते का? बसल्यावर, पडल्यावर ती वाढते का? चाललं, पाय ताणले की निदान तेवढ्यापुरती कमी होते का? संध्याकाळी आणि रात्री जास्त असते का? चारही उत्तरं "हो" असतील तर पुढचं तुमच्या कामाचं. पायात गोळा येणं हे वेगळं. तिथं स्नायू दगडासारखा घट्ट होतो, जीव जातो इतकं दुखतं आणि पाऊल वर ओढून धरलं की सुटतं. पायांच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा (व्हेरिकोज व्हेन्स) त्रास तर जवळजवळ उलटा. दिवसभर दुकानात किंवा चौकात उभं राहणाऱ्यांचे पाय संध्याकाळी जड होतात, सुजतात, आणि उशीवर पाय वर ठेवून पडलं की बरं वाटतं. ज्याला आडवं पडल्यावर आराम पडतो आणि ज्याला आडवं पडल्यावरच त्रास सुरू होतो, ही दोन वेगळी माणसं आहेत.

लोह: सगळ्यात आधी इथंच बघा

माझं कारण हे होतं, आणि ते सापडायला तीन वर्षं लागली. त्याचं कारण एकच आकडा: हिमोग्लोबिन १२.४. प्रत्येक वेळी रिपोर्ट बघून सांगितलं जायचं, "रक्त छान आहे, टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या." मला झोपच तर लागत नव्हती.

हिमोग्लोबिन म्हणजे वापरात असलेलं लोह. घरात पगार येतोय आणि रोजचा खर्च भागतोय, एवढंच त्यावरून कळतं. बँकेत शिल्लक किती, ते कळतं फेरिटिन या रक्ततपासणीवरून. शरीर शिल्लक संपेपर्यंत रोजचा खर्च भागवत राहतं, त्यामुळे साठा तळाला गेलेला असतानाही हिमोग्लोबिन बरं दिसू शकतं. डोपामिन हे मेंदूतलं निरोप नेणारं रसायन, हालचालींवर त्याचा ताबा असतो. ते तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं, आणि या आजारात मेंदूच्या काही भागांत लोह कमी असल्याचं एमआरआयमध्ये आणि मृत्यूनंतरच्या मेंदूच्या तपासणीतही आढळलेलं आहे. म्हणजे त्रास पायात जाणवतो, पण मूळ बरंचसं मेंदूत असतं.

दुसरा घोळ रिपोर्टच्या कागदावर आहे. लॅब फेरिटिनच्या शेजारी जी सर्वसाधारण मर्यादा छापते, ती बायकांसाठी बहुधा १०-१५ पासून सुरू होते. माझं फेरिटिन आलं १९. शेजारी ना बाण, ना ठळक अक्षर. पण या आजारासाठीची रेघ निराळी आहे. फेरिटिन मिलिलिटरमागे ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याखाली असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहानं किती भरलंय, ते) २० टक्क्यांच्या खाली असेल, तर मोठ्या माणसांना लोह देण्याचा विचार करावा, असं आज झोपेच्या आजारांचे तज्ज्ञ सांगतात. १९ आणि ७५ यांतलं अंतर बघा. या एका ओळीसाठी मी हा सगळा लेख लिहिला असता.

तपासणी सकाळी, उपाशीपोटी करा आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नका. ताप, संधिवाताचा भडका, कसलाही संसर्ग चालू असेल तर फेरिटिन खोटं वर जातं. म्हणून डेंग्यू-मलेरियातून उठल्याउठल्या केलेल्या रिपोर्टवर भिस्त ठेवू नका.

लोह कमी का झालं, हा प्रश्न सोडू नका. पाळीत जास्त रक्त जाणं हे बायकांमध्ये सगळ्यात नेहमीचं कारण, आणि तेच आपण वर्षानुवर्षं "माझं असंच असतं" म्हणून सोडून देतो. वारंवार रक्तदान करणाऱ्यांचाही साठा उतरतो. अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज घेतली तर लोह कमी शोषलं जातं. जेवण झाल्याझाल्या कटिंग घेण्याच्या सवयीनंही तेच होतं. पुरुषाला, किंवा पाळी थांबलेल्या बाईला, लोहाची कमतरता निघाली तर मात्र नुसती गोळी घेऊन गप्प बसू नका. पोटातून किंवा आतड्यातून कुठं रक्त जातंय का, हे बघावंच लागतं.

आणि तपासल्याशिवाय लोह सुरू करू नका. मुंबई-उल्हासनगर पट्ट्यात याला खास महत्त्व आहे. सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचं प्रमाण जास्त आहे. अशा माणसाचं हिमोग्लोबिन जन्मापासून थोडं कमी असतं, पण लोहाचा साठा भरलेला असू शकतो. केवळ हिमोग्लोबिन बघून त्याला लोहावर लोह दिलं तर उपयोग नाही, अपाय होऊ शकतो. माझ्या बाबतीत हिमोग्लोबिन चांगलं आणि साठा रिकामा, तिथं बरोबर उलटं. दोन्हीकडे खरं बोलतं ते फेरिटिनच.

गोळ्या: शोधायला सगळ्यात सोपं कारण

समोरच्या काकूंना कधीच हा त्रास नव्हता. एका पावसाळ्यात सर्दी आणि अंगाला खाज, म्हणून त्या झोप आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायला लागल्या. पाय वळवळायला लागले, झोप उडाली. झोप लागत नाही म्हणून केमिस्टकडून आणखी तीच गोळी. हे चक्र दोन महिने चाललं.

क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन ही झोप आणणारी अ‍ॅलर्जीची आणि सर्दीची औषधं पायांची चुळबुळ वाढवू शकतात. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्कर-उलटीसाठी सर्रास दिलं जाणारं प्रोक्लोरपेराझिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, आणि नैराश्यावरची बरीचशी औषधं, म्हणजे एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन, हीही त्याच यादीत येतात.

लोहाशी तुलना केली तर इथं मोठा फरक काळाचा. लोहाचा त्रास महिन्यामहिन्यांनी, नकळत वाढत जातो. गोळीचा त्रास तारीख लावून येतो. वही काढा, चुळबुळ कधी सुरू झाली ते लिहा, आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत कुठली नवी गोळी आली किंवा कुठला डोस वाढला ते शेजारी लिहा. याला एक पैसाही पडत नाही. काकूंची गोळी डॉक्टरांनी बदलून फेक्सोफेनाडिन दिली आणि आठवडाभरात पाय शांत झाले.

एक इशारा कळकळीनं देते. नैराश्याची किंवा मनोविकाराची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. अचानक बंद केल्यानं जे होतं, ते पायांच्या चुळबुळीपेक्षा फार वाईट असू शकतं. ज्यांनी गोळी दिली त्यांनाच जाऊन सांगा. पर्याय असतात.

साखर आणि नसा: नावात गल्लत इथं होते

बाबांना १४ वर्षांचा मधुमेह. तेही म्हणायचे, "रात्री पाय झोपू देत नाहीत." मी माझ्या अनुभवावरून त्यांच्याही फेरिटिनच्या मागे लागले. ते निघालं १४०. चूक माझीच होती, कारण मी त्यांना नीट विचारलंच नव्हतं.

विचारल्यावर कळलं की त्यांची तक्रार तळपायाची आहे, पोटरीची नाही. आग होते, मुंग्या येतात, जमीन कापसासारखी लागते. चाललं तरी कमी होत नाही. एकदा पायातली चप्पल निसटली आणि दहा पावलं गेल्यावर त्यांना कळलं. ही मधुमेहानं नसांवर, म्हणजे संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंवर, झालेली इजा आहे. रात्री तीही जास्त जाणवते, म्हणून घोळ होतो. पण हलवण्याची ओढ आणि हलवल्यावर मिळणारा आराम, या दोन गोष्टी तिथं नसतात. डॉक्टर पायावर नायलॉनचा बारीक तंतू टेकवून आणि कंप पावणारा चिमटा लावून संवेदना तपासतात, पाच मिनिटांचं काम.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि शुद्ध शाकाहारी मंडळींनी बी-१२ तपासून घ्यावं. त्याच्या कमतरतेनंही नसा अशाच बिघडतात. आणि एकाच माणसाला नसांचा त्रास आणि खरी चुळबुळ, दोन्ही असू शकतं. तेव्हा एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबवू नका.

मूत्रपिंड आणि गरोदरपण

डायलिसिसवर असलेल्यांमध्ये हा त्रास बराच आढळतो. चार-चार तास खुर्चीत पाय स्थिर ठेवणं हीच त्यांना शिक्षा वाटते. डायलिसिसनं तो सहसा जात नाही, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर मात्र अनेकांना मोठा उतार पडतो. म्हणून इतर तपासण्यांबरोबर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्यावं.

गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत हे सुरू होणं नेहमीचं आहे, आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातं. तिथंही लोह बघायचंच. बाकी औषधं सांगितल्याशिवाय घ्यायची नाहीत.

वारसा

आजी, मी. हे योगायोगानं नाही. ज्यांना पंचेचाळिशीच्या आत हा त्रास सुरू होतो, त्यांच्या घरात आधीच्या पिढीत कुणाला तरी तो असण्याची शक्यता जास्त. २००७ मध्ये याच्याशी संबंधित जनुकं पहिल्यांदा नक्की झाली. पण "आमच्या घरातच आहे" म्हणून हात वर करणाऱ्यांशी माझं भांडण आहे. वारसा आणि लोह हे एकमेकांचे पर्याय नाहीत. वारशानं मेंदू लोहाच्या कमतरतेला हळवा होत असावा, आणि साठा उतरला की पाय बोलायला लागतात. वारसा बदलता येत नाही, साठा भरता येतो. आजीचं फेरिटिन कुणी कधी तपासलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग आधी काय?

पैसे आणि वेळ दोन्ही मोजके असतील तर माझा क्रम असा. घरी बसून गोळ्यांची यादी. मग एकाच सुईत सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, लोह आणि टीआयबीसी (या दोन्हींवरून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन निघतं), क्रिएटिनिन, साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी आणि बी-१२. पायांची आग, बधिरपणा असेल तर नसांची तपासणी. यासाठी थेट न्यूरॉलॉजिस्टकडे धावायची गरज नाही, नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा केईएम, सायन, नायरसारख्या पालिकेच्या रुग्णालयातली मेडिसिनची ओपीडी पुरते. पाठीचा कणा आणि पायांचे एमआरआय, रक्तवाहिन्यांची रंगीत डॉपलर सोनोग्राफी यांवर मी आधीच बराच खर्च केला होता. तो वाचला असता.

डोपामिनसारखं काम करणाऱ्या प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलच्या गोळीबद्दल ठरवायचं असेल तर हे माहीत असू द्या. सुरुवातीला त्या जादूसारख्या लागू पडतात, पण पुढे अनेकांचा त्रास उलट वाढतो, रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो, हातांपर्यंत चढतो. म्हणूनच अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२५ च्या मार्गदर्शनात त्या सरसकट देऊ नयेत असं सुचवलं, आणि लोहाबरोबर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या दुसऱ्या गटातल्या औषधांना पुढे आणलं. कारण न शोधता गोळी सुरू करण्याला माझा विरोध आहे तो यामुळेच.

मी एक दिवसाआड लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली, चहा दोन तास लांब ठेवला, पाळीवर उपचार घेतले. तीन महिन्यांनी फेरिटिन ४८, सात महिन्यांनी ८२. चुळबुळ पूर्ण गेलेली नाही, जागरण झालं किंवा संध्याकाळी कॉफी झाली की डोकावते. पण डोंबिवलीपर्यंत बसून येते.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात दोनदा म्हणाली, "आई, झोपताना पाय वळवळतात." सासूबाई म्हणाल्या, वाढतं अंग आहे. असेलही. मुलांसाठी फेरिटिनची रेघ ५० ची धरतात. शनिवारी सकाळी, उपाशीपोटी, तिला घेऊन जाणार आहे.