सपाट छायाचित्रातील खोली : फोंड्यातील एक कार्यशाळा

जत्रेतील नाटकांचे रंगवलेले पडदे आणि विंगा ज्यांनी रंगमंचाच्या बाजूला उभे राहून पाहिल्या आहेत, त्यांना सपाट कापडांतून अरण्य कसे उभे राहते हे निराळे सांगायला नको. फोंड्यातील एका स्टुडिओच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत हीच युक्ती आफ्टर इफेक्ट्स या चलचित्रे घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शिकवली गेली. शुल्क अडीच हजार रुपये होते, आणि माझ्या मते पहिल्या दिवसानेच ते वसूल झाले.

त्या दिवशी मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाचे एकच छायाचित्र देऊन आकाश, देऊळ, दीपस्तंभ आणि पुढची झाडे असे चार थर फोटोशॉपमध्ये वेगळे करायला लावले. कापणे सोपे असते. खरी कसोटी असते ती स्तंभ उचलल्यावर मागे पडलेले भोक भरण्याची, कारण सॉफ्टवेअरमधला आभासी कॅमेरा जरासा सरकला की झाकलेला भाग उघडा पडतो. या कामाला सरांनी तब्बल तीन तास दिले, आणि तो निर्णय मला योग्य वाटला. डिस्नेच्या स्टुडिओत 1930च्या दशकात एकाखाली एक ठेवलेल्या काचांवर चित्रे रंगवून वरून कॅमेऱ्याने टिपत, हा दाखलाही त्यांनी ओघात दिला.

दुसऱ्या दिवशी थर झेड अक्षावर, म्हणजे खोलीच्या दिशेने, मागे-पुढे लावले. 1920 पिक्सेल रुंदीच्या चौकटीत 50 मिलिमीटर भिंगाचा आभासी कॅमेरा मूळ प्रतलापासून (जिथे थर आहे त्याच आकारात दिसतो तिथून) सुमारे 2667 पिक्सेल दूर उभा असतो. एखादा थर तितकाच आणखी मागे ढकलला तर तो निम्मा दिसतो, म्हणून 200 टक्के मोठा करावा लागतो. मोबाईलवर काढलेले आकाश अशा वेळी ताणले जाऊन अस्पष्ट का होते, हे फळ्यावरील या गणितामुळे मला प्रथमच नीट उमगले. पुढे कॅमेरा नल ऑब्जेक्टला (चित्रात न दिसणाऱ्या, फक्त हालचालीसाठीच्या थराला) जोडून तो हळूच सरकवण्याचा सरावही चांगला झाला.

यानंतर मात्र घाई झाली. प्रकाश आणि सावल्या अर्ध्या तासात उरकल्या, संगणकांची मेमरी अपुरी असल्याने प्रीव्ह्यू अडखळत होता, आणि सर्वांत खटकले ते असे की जमिनीचा विषयच निघाला नाही. अंगण दीपस्तंभाच्या थरातच राहिल्याने कॅमेरा सरकताच स्तंभ हवेत तरंगल्यासारखा दिसे. ज्यांना फोटोशॉप मुळीच येत नाही, त्यांनी इतक्यात येथे जाऊ नये. इतरांनी अवश्य जावे, पण जमिनीबद्दल स्वतःहून विचारावे. मी घरी परतल्यावर अंगण वेगळे कापले, एक्स या आडव्या अक्षाभोवती 90 अंश फिरवून आडवे टाकले आणि लांबवर ताणले, तेव्हा कुठे दीपस्तंभ जमिनीला टेकला.